चिठ्ठीला मुदत हवी

(मार्केट यार्ड, पुणे येथे काकांच्या स्मृतिदिनी दिलेले व्याख्यान)



मागं आवाज येतोय का? नसेल तर हात वर करा, ओरडू नका. ओरडणं या आवारात दिवसभर चालतंच. आणि तरकारीच्या गाड्या लागायला लागल्या की ज्यांना उठायचंय त्यांनी खुशाल उठावं. पस्तीस वर्षं इथं गुलटेकडीला लहान मुलांचा दवाखाना चालवला. मी बोलत असताना समोरच्याचं निम्मं लक्ष बाहेर वाजणाऱ्या हॉर्नकडं असतं, याची मला सवय आहे.

ज्यांच्या आठवणीसाठी आपण जमलोय त्यांचं नाव पत्रिकेवर नाही. ‘काका’ एवढंच छापलंय. त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं, तेव्हा मीही नाव घेत नाही. काका भुसार विभागात तोलणार होते. काटा थांबल्याशिवाय तोंडातून आकडा काढायचा नाही, ही त्यांची खोड. अडत्या घाईत असायचा. “काका, अंदाजानं लिहा हो, एकाच शेतातली पोती आहेत.” काका म्हणायचे, “अंदाज तुमच्या वहीत लिहा. माझ्या पट्टीवर वजन असतं.” त्यांची नातवंडं माझ्याकडं यायची, म्हणून ओळख. आज जे बोलणार आहे त्यातलं एक प्रकरण मी फक्त काकांना सांगितलं होतं. आता चारचौघांत सांगतो.

संयोजकांनी विषय दिला होता ‘बालआरोग्य’. बालआरोग्यावर बोलायला उभा राहिलेला माणूस मोड आलेल्या मटकीपासून सुरुवात करतो आणि ऐकणारा तिथंच पेंगतो. म्हणून मी एका कागदापुरतंच बोलणार आहे. डॉक्टरनं आई-बापांना लिहून दिलेली चिठ्ठी: ‘या मुलाला लस देऊ नये.’

तर ते प्रकरण. २००३ साल, नवरात्राच्या आधीचे दिवस. यार्डामागच्या वस्तीतली एक बाई पोराला घेऊन आली. ती इथंच कांदा निवडायला यायची. पोर नऊ महिन्यांचं, नाक गळत होतं, बाकी खेळतं. कार्ड पाहिलं, गोवराची लस बाकी होती. म्हटलं, आजच टोचून घे. ती म्हणाली, “आज नको डॉक्टर. सर्दी आहे, आणि उद्या गावाला जायचंय. ताप आला तर एसटीत काय करू? पण ती नर्सबाई ऐकत नाही, दारात येऊन बसते. तुम्ही तेवढं लिहून द्या.” बाहेर पंचवीस-तीस पेशंट. मी पॅड ओढलं आणि लिहिलं, ‘सर्दी असल्याने सध्या लस देऊ नये.’ खाली सही, शिक्का. अर्ध्या मिनिटाचं काम. पैसेही घेतले नाहीत, आणि त्याचं मनातल्या मनात कौतुकही करून घेतलं.

साधी सर्दी हे लस थांबवायचं कारण नाही, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.

फेब्रुवारीत ते पोर आजीच्या खांद्यावर परत आलं. अंगभर पुरळ, डोळे लाल, छाती आत ओढली जात होती. आजी म्हणाली, “अंगावर निघालंय, पूर्ण निघू दे म्हणून थांबलो होतो.” उशाला कडुलिंबाचा पाला ठेवून झाला होता. गोवरातून न्यूमोनिया झालेला. मोठ्या रुग्णालयात पाठवलं. अकरा दिवस तिथं होतं. वाचलं, पण कान फुटला आणि एका कानानं कायमचं कमी ऐकू यायला लागलं. मी त्या आईवर आवाज चढवला होता, “लस का नाही घेतली?” ती काही बोलली नाही. कमरेची प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात रेशनकार्ड, लाइटबिल आणि चार घड्या घातलेली माझी चिठ्ठी. “नर्सबाई तीनदा आली,” ती म्हणाली, “दर वेळेला हीच दाखवली.”

ज्या कागदावर तिनं सगळ्यात जास्त विश्वास ठेवला होता, तो मी लिहिलेला होता. आणि त्यातला ‘सध्या’ हा शब्द पाच महिने पुरला होता.

पुढं बऱ्याच वर्षांनी जुने कायदे वाचायचा नाद लागला. निवृत्त डॉक्टरांना असले नाद लागतात. तेव्हा लक्षात आलं, की माझ्या चिठ्ठीत जे नव्हतं ते दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात होतं. इंग्लंडमध्ये १८५३ साली देवीची लस सक्तीची झाली. १८६७ च्या कायद्यात मूल आजारी असेल तर डॉक्टरनं दाखला द्यायची सोय होती, पण तो दाखला दोन महिन्यांपुरता. दोन महिने झाले की मूल पुन्हा दाखवायचं. अजून बरं नसेल तर नवा दाखला. तीनदा टोचूनही लस लागली नाही, तर मात्र कायमची सूट. आपल्याकडं मुंबई शहरासाठी १८७७ चा कायदा झाला, इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठी १८९२ चा. काही प्रांतांतल्या नगरपालिका आणि छावण्यांसाठी १८८० चा कायदा होता. त्यातही मूल लस घ्यायच्या अवस्थेत नसेल तर तसा दाखला द्यायचा होता, पण तो त्या लसीकरणाच्या हंगामापुरता. पुढच्या हंगामात पोर पुन्हा हजर करायचं. गोऱ्या साहेबाच्या कायद्याचं कौतुक करायला मी इथं उभा नाही. पण ज्यानं तो मसुदा लिहिला त्याला ‘सध्या’ या शब्दाची चांगलीच ओळख असली पाहिजे.

त्या काळच्या आई-बापांचा राग मात्र समजून घ्या. आपल्याकडं ‘देवी काढणं’ म्हणायचे ते सुरुवातीला दंडातून दंडात चालायचं. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली. तिच्या दंडावर जी पुळी आली, तिच्यातून पुढची पाच पोरं टोचली, आणि तशीच साखळी देशभर गेली. म्हणजे तुमचं पोर नुसतं टोचून घ्यायचं नाही, आठवड्यानं त्याचा पिकलेला दंड दुसऱ्याच्या पोरासाठी उघडून द्यायचा. कुणाचा दंड, कुणाचं पोर, कुठली जात! बाया पोरांना धान्याच्या कणगीत लपवत असतील तर मला नवल वाटत नाही.

इंग्लंडात हा राग इतका वाढला, की १८९८ साली कायद्यात विवेकाची पळवाट ठेवावी लागली. बापानं दोन मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहून पटवून द्यायचं की लशीनं पोराला अपाय होईल अशी माझी खरोखर श्रद्धा आहे. १९०७ मध्ये तेही सैल झालं, नुसतं प्रतिज्ञापत्र पुरेसं ठरलं. विवेकाला स्मरून लढाईला नकार देणाऱ्या सैनिकांसाठी इंग्रजीत जो शब्द रूढ झाला, तो आधी या लस नाकारणाऱ्या बापांसाठी वापरात आला होता.

आणि सक्तीचं म्हणाल तर पुण्याला कुणी शिकवायची गरज नाही. १८९७ चा प्लेग. घरात शिरणारे सोल्जर, चुलीपर्यंत गेलेले बूट. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिननं प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. पुढं सरकारनं काय केलं, तर टोचून घेणाऱ्याला दाखला दिला आणि त्या दाखल्यावर विलगीकरणाच्या जाचातून सूट दिली. आज अमेरिकेत लशीतून सूट मिळावी म्हणून कागद लागतो. तेव्हा आपल्याकडं लस घेतल्याचा कागद दाखवून बाकीच्या छळातून सूट मिळायची. तेवढ्यावर लोकांची भीती गेली असती तर बरं झालं असतं.

गांधीजींचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढं जात नाही. गांधीजी देवीच्या लशीच्या विरुद्ध होते, आणि ते १९१३ पासून लिहीत होते. १९३० च्या सुरुवातीला साबरमती आश्रमात देवीची साथ आली. तीन मुलं गेली. त्यांत पंडित नारायण मोरेश्वर खऱ्यांचा मुलगा होता. हे खरे म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आश्रमाची भजनं बसवणारे आपले मराठी गायक. मुलाला जाऊन थोडेच दिवस झाले होते, १२ मार्चला ते दांडीच्या वाटेवर चालत निघाले. गांधीजींनी आपलं मत सोडलं नाही, पण आश्रमातल्या आई-बापांना मोकळीक दिली होती: ज्यांना टोचून घ्यायचंय त्यांनी घ्यावं. मला गांधीजींचं मत साफ चुकीचं वाटतं. त्याची किंमत कोवळ्या जिवांनी दिली, हेही मी विसरत नाही. तरी एक गोष्ट मान्य करतो. त्यांनी नकार दिला तो स्वतःच्या नावानं, उघड, आणि परिणाम समोर आल्यावर तोंड फिरवलं नाही. माझ्याकडून चिठ्ठी मागणाऱ्यांना मात्र नकार माझ्या नावावर हवा असायचा.

आता आजचं बोलू. आपल्याकडं मुलांच्या लशीची देशभर सक्ती करणारा कायदा नाही. लस फुकट आहे, मागं लागणारी नर्स आहे, आशाताई आहे, पण घेतली नाही म्हणून कुणी तुरुंगात टाकत नाही. सक्ती नाही म्हणून सूट मागायचा फॉर्म नाही. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं गोवर-रुबेलाच्या शाळेतल्या मोहिमेबाबत सांगितलं, की पालकांची संमती गृहीत धरता येणार नाही, ती विचारावी लागेल. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं कोविडच्या लशीबाबत सांगितलं, की कुणालाही जबरदस्तीनं लस देता येणार नाही. त्या पीठावर आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. दोन्ही निकाल मला योग्य वाटतात. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये २००९ साली काय झालं ते आठवा: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लशीचा अभ्यास, आदिवासी मुली, आणि संमतीपत्रांवर आई-बापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या. लस वाईट होती असं माझं म्हणणं नाही. ज्याचं पोर नाही त्यानं सही केली, हे वाईट. अशी एक सही पुढची दहा वर्षं नर्सबाईला दारात उभं राहू देत नाही.

गोवर-रुबेलाची मोहीम आपल्या राज्यात २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतची सगळी मुलं, सुरुवात शाळांपासून. त्या पंधरवड्यात माझ्या दवाखान्यात मी कधी न पाहिलेले पालक आले. चांगल्या सोसायट्यांतले, शिकलेले, मोबाइलमध्ये व्हॉट्सॲपचे लांबलचक मजकूर घेऊन. या लशीनं मुलं पुढं निपुत्रिक होतात, असं काहीतरी. शाळेनं म्हणे नकाराला डॉक्टरची चिठ्ठी मागितली होती. “डॉक्टर, ॲलर्जी आहे असं लिहा ना.” कशाची? “कशाचीही.” एका बापानं तर टाइप करूनच आणलं होतं, सही तेवढी बाकी. गंमत पाहा, ज्या लशीची त्यांना धास्ती होती ती इथून हाकेच्या अंतरावर, हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि जगभर जाते. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला नको असेल तर तुमच्या नावानं, तुमच्या सहीनं ‘आम्हाला नको’ असं लिहून द्या, तो तुमचा अधिकार. माझ्या सहीनं रोग लिहायचा तर तो रोग मला दिसला पाहिजे. काटा थांबला पाहिजे.

खरी कारणं असतात, नाही असं नाही. आधीच्या डोसनंतर पोराचा जीव जाईल अशी तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर ती लस पुन्हा नाही. रक्ताच्या कर्करोगाची केमो चालू आहे, जन्मजात प्रतिकारशक्तीच नाही, अशा मुलाला गोवरासारखी जिवंत लस नाही. डांग्या खोकल्याच्या लशीनंतर आठवड्याच्या आत मेंदूचा गंभीर त्रास झाला असेल तर तीही नाही. अशी मुलं पस्तीस वर्षांत मी बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. दात येतायत, अंड्याचं पथ्य आहे, मागच्या वेळी रात्रभर ताप होता, आत्याला फिट्स येतात, अमावास्या आहे, या कारणांनी मागितलेल्या चिठ्ठ्यांची मात्र गोणी भरेल. आणि ज्या चार-पाच मुलांना खरंच लस चालत नाही, त्यांचं रक्षण कोण करतं? शेजारची, वर्गातली, लस घेतलेली मुलं. गोवर इतका पसरतो, की शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना लस मिळाली तरच त्या पाचांना आडोसा मिळतो. आडोशाच्या त्या पाच जागा खोट्या चिठ्ठीवाल्यांनी अडवायच्या, याला मी तरी चोरी म्हणतो.

आमच्या धंद्याबद्दलही दोन शब्द. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत खोटा दाखला देणं हा गैरवर्तनाचा गुन्हा आहे. त्याच नियमांत असंही आहे, की दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंद डॉक्टरनं वहीत ठेवावी. किती दवाखान्यांत ती वही असते? माझ्याकडं २००३ पर्यंत नव्हती.

आता जरा परदेशात जाऊ, कारण परदेश हल्ली यार्डातल्या गाळ्यापर्यंत आलाय. २०१९ च्या उन्हाळ्यात भुसारमधले एक जुने व्यापारी माझ्याकडं आले. नात सॅन फ्रान्सिस्कोजवळ, शाळेत घालायची. लहानपणचे सगळे डोस माझ्याकडचे, कार्डावर माझीच सही. तिथली शाळा म्हणते अपुरं आहे. शेठजींचा पारा चढलेला. “डॉक्टर, नवव्या महिन्यात गोवराचं दिलं होतं ना तुम्ही? ते तिकडं मोजतच नाहीत म्हणे. आपलं इंजेक्शन काय नकली होतं?”

त्यांना समजावून सांगितलं, तुम्हालाही सांगतो. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती बाळाच्या रक्तात काही महिने असते, आणि ती असेपर्यंत लस नीट धरत नाही. थांबलं तर लस जास्त चांगली धरते. पण आपल्याकडं गोवर वर्षाच्या आतल्या बाळांनाही गाठतो, म्हणून आपण नवव्या महिन्यातच टोचतो आणि दीड वर्षाच्या आसपास पुन्हा. तिकडं रोग कमी, त्यांना थांबणं परवडतं, म्हणून ते पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस हिशेबात धरत नाहीत. इंजेक्शन तेच, हिशेब वेगळा. शिवाय कांजिण्यांची लस आपल्या सरकारी यादीत नाही, त्यांच्या शाळेला ती हवी. म्हणजे पोरीला तिकडं दोन-तीन सुया जास्त बसणार होत्या, एवढंच.

शेठजींना ते पटलं नाही. “पोरगी सुईला घाबरते हो. तुम्ही मागच्या तारखा टाकून द्या. नाहीतर चालत नाही असं तरी लिहा.” मी नाही म्हटलं. “एवढ्या वर्षांची ओळख!” म्हणत ते उठले आणि दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. दिवाळीत फराळ आला. नातीला तिकडं टोचलं होतं. रडली, आणि मग आइस्क्रीम खाल्लं.

शेठजींना ठाऊक नव्हतं, पण ते मागत होते त्याच चिठ्ठीवरून तिथं रणं माजली होती. २०१४ च्या डिसेंबरात डिस्नेलँडमधून गोवर पसरला. मग कॅलिफोर्नियानं २०१५ मध्ये कायदा करून ‘आमची श्रद्धा नाही’ ही सूट काढून टाकली, फक्त वैद्यकीय सूट ठेवली. झालं काय? पहिलीच्या आधीच्या वर्गात वैद्यकीय सूट घेणारी मुलं शेकडा ०.२ होती, ती तीन वर्षांत ०.९ झाली. रोग वाढले नव्हते, चिठ्ठ्या वाढल्या होत्या. सॅन दिएगोच्या शाळांत तर जवळजवळ तिसरा हिस्सा चिठ्ठ्या एकाच डॉक्टरच्या सहीच्या निघाल्या. मग २०१९ मध्ये पुन्हा कायदा. एका डॉक्टरनं वर्षात सूट देणाऱ्या पाच किंवा जास्त चिठ्ठ्या लिहिल्या तर सरकार तपासणार. २०२१ पासून चिठ्ठी पॅडवर चालत नाही. सरकारी संगणकावर, ठरलेल्या नमुन्यात, कारणासकट. टेक्सासनं दुसरी वाट धरली. तिथं विवेकाच्या कारणानं सूट मिळते, पण त्या प्रतिज्ञापत्रालाही मुदत आहे, दोन वर्षांची. २०२५ मध्ये तिथं गोवराची साथ आली, साडेसातशेवर रुग्ण झाले, लस न घेतलेल्या दोन शाळकरी मुली गेल्या. मुदत घातली की सगळं भागतं, असं मी म्हणत नाही.

अमेरिकेचं आणखी एक सांगतो, कारण इथं आपलं सरकार उणं पडतं. तिथं प्रत्येक डोसवर थोडा कर आहे. लशीनं खरोखर इजा झाली तर कुणाची चूक हे सिद्ध न करताही त्या पैशातून भरपाई मिळते. १९८६ चा कायदा आहे तो. आपल्याकडं लशीनंतरच्या त्रासाची नोंद होते, चौकशी समित्या आहेत, पण अशी हक्काची भरपाई नाही. आई-बापांनी आपलं निरोगी पोर पुढं करायचं, आणि लाखात एखादं बिनसलं तर कागद घेऊन वणवण करायची. लसीकरणाच्या बाजूनं घसा कोरडा करणाऱ्या आम्ही डॉक्टरांनी ही मागणी आधी करायला हवी होती. केली नाही. मीही नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि गाड्याही आल्याच आहेत.

पल्स पोलिओ आठवतो? घरोघर फिरणाऱ्या टीमकडं खडू असायचा. सगळ्या पोरांना डोस मिळाला की दारावर इंग्रजी ‘पी’. एखादं पोर राहिलं की ‘एक्स’. मग राहायचं कारण काहीही असो. नकार असो, कुलूप असो, पोर मामाकडं गेलेलं असो. आणि ‘एक्स’ असलेल्या दारात टीम पुन्हा जायची, तो ‘पी’ होईपर्यंत. दार बंद केलं म्हणून कुणी भांडायचं नाही, पण ‘एक्स’ तसाच सोडून द्यायचाही नाही. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात देशातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण सापडला, त्यामागं या खडूचाही हात आहे. माझी २००३ ची चिठ्ठी म्हणजे असा ‘एक्स’ होता, ज्याच्याकडं परत कुणी जायचंच नव्हतं.

ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी गोवंडीच्या रफिकनगरमध्ये एकाच कुटुंबातली तीन मुलं गोवरासारख्या आजारानं गेली, आणि मग मुंबई, मालेगाव, भिवंडी असा गोवर उघड झाला. तेव्हा टीव्हीवर ‘लस नाकारणारे पालक’ अशी चर्चा रंगली. नाकारणारे होते. पण अशा वस्त्यांत ज्यांनी कधीच नाकारलं नाही, फक्त ज्यांच्याकडं वेळ नव्हता, त्यांची संख्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. व्हॉट्सॲपवाला बाप चिठ्ठी मागायला येतो, म्हणून तो दिसतो. कांदा निवडणारी आई चिठ्ठी मागत नाही. लसीकरण असतं सकाळी, आणि सकाळ म्हणजे तिची मजुरी. पोराला रात्री ताप आला तर दुसऱ्या दिवसाचीही मजुरी बुडते. गावाला गेली की कार्ड गावाला राहतं. कुणाच्या सहीशिवाय, कुठल्याही फॉर्मशिवाय तिच्या पोराला सूट मिळून जाते. ती तिनं मागितलेली नसते, आणि तिला मुदतही नसते.

काकांना मी २००३ चं प्रकरण सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, “तिला तुम्ही कुठला वार सांगितला होता?” मी म्हटलं, कुठलाच नाही. “मग ती कधी येणार होती?”

तेव्हापासून दवाखाना होता तोवर मी चिठ्ठीत तीन गोष्टी लिहायचो: कारण, आजची तारीख आणि परत यायचा वार. खाली लिहायचो, ‘या वारानंतर ही चिठ्ठी रद्द.’ त्यानंतर चिठ्ठ्या मागणारे निम्म्यानं कमी झाले. इथं बसलेल्या डॉक्टर मंडळींनी एक महिना करून पाहावं.

आणि बाजार समितीचे, हमाल बांधवांचे, महापालिकेचे जे कुणी इथं आहेत त्यांना एक विनंती. फळ आणि तरकारी विभाग शनिवारी बंद असतो. त्या दिवशी इथली माणसं घरी असतात, पोरांपाशी असतात. दुसऱ्या दिवशी रविवार, मोठ्या आवकीचा, म्हणून डोस सकाळी लवकर हवा, म्हणजे तापाची रात्र येईपर्यंत आईच्या हाताशी पॅरासिटामॉल आणि विचारायला माणूस असेल. महिन्यातल्या पहिल्या शनिवारी, सकाळी आठ वाजता, यार्डात एक टेबल, एक शीतपेटी आणि एक नर्सबाई एवढं द्या. मी निवृत्त आहे, शेजारी स्टूल टाकून बसेन. कार्ड फाटलेलं असलं, गावाला राहिलेलं असलं तरी पोराला घेऊन या.